शनिवारच्या सभेतली दहा मिनिटं

माझा आवाज मोठा होता. फुशारकी म्हणून सांगत नाही. मी शाळेत असलो की घंटेचं काम उरत नाही, असं शिपायानंच एकदा मुख्याध्यापकांना सांगितलं होतं. सकाळी सांगवीहून गाडीवर निघायचं, बारामती ओलांडायची, सणसरच्या बाजूला आमच्या शाळेत पोचायचं आणि तिथून पुढं बोलत राहायचं, हा माझा दिवस. वर्गात भूगोल शिकवायचा. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मैदानातल्या लिंबाखाली स्काउटचं पथक घ्यायचं. भूगोलावर माझा पगार होता. पथकावर माझा जीव होता. त्याचं कारण मला कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तर मला सांगताही आलं नसतं. गळ्यात स्कार्फ अडकवला की मी जरा बरा माणूस होतो, एवढंच मला कळायचं.

आधी आवाज खरखरायला लागला. ऊस तुटायच्या दिवसांत भवानीनगरच्या रस्त्याला एवढी धूळ असते की निम्म्या गावाचा घसा बसलेला असतो, त्यामुळं मी लक्ष दिलं नाही. मग वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आवाज जाईना. मग एका सकाळी बायकोला चहा मागितला तर घशातून नुसती हवा आली. तिनं त्याच दिवशी मला बारामतीला घशाच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी नाकातून नळी घातली आणि माझं स्वरयंत्र मलाच पडद्यावर दाखवलं. त्यावर एक गाठ होती.

"काढावी लागेल," डॉक्टर म्हणाले. "काढून तपासायला पाठवू. आवाज परत किती येईल, ते आत्ता सांगता येणार नाही. तोवर ओरडायचं नाही. आणि ऑपरेशननंतर मी सांगेपर्यंत एक शब्दसुद्धा नाही. कुजबुजायचंही नाही."

"मी शिक्षक आहे," मी म्हणालो.

"फळ्यावर लिहा," ते म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

परत येताना बायको गाडीवर मागं बसून म्हणत होती, "अहो, गाठ म्हणजे नुसती गाठ असते. लगेच वाईट कशाला धरायचं?" मी वाईटच धरलं होतं. माझा स्वभावच तसा. पण खरं सांगायचं तर मरणापेक्षा मला दुसरीच भीती जास्त वाटत होती. बोलता न येणारा मास्तर म्हणजे काय, हे मला डोळ्यांसमोर आणता येत नव्हतं.

मुख्याध्यापकांना मी फक्त रजेचं बोललो, घशाचं किरकोळ ऑपरेशन आहे म्हणून. ते भले गृहस्थ, पण त्यांचा जीव निकालात. "खुशाल घ्या रजा," ते म्हणाले. "शनिवारचा तास तेवढा शिष्यवृत्तीच्या सरावाला देऊ. तुम्ही आल्यावर मग स्काउटचं बघू." आमच्या शाळेत 'बघू' म्हणजे काय, ते मला पुरतं ठाऊक होतं. परसबाग अशीच 'बघू'मध्ये गेली होती. मुलींचा शिवणवर्ग तसाच गेला होता. पथक एकदा बंद पडलं असतं तर ते पुन्हा उभं राहणार नव्हतं. आणि दुसऱ्या कुठल्या शिक्षकाला मी विनवावं, तर शनिवारी दुपारी घरी जायचं सोडून लिंबाखाली उभं राहायला कुणाला वेड लागलंय?

म्हणून मी ठरवलं की पोरांनीच सभा चालवायची. मी नसताना सभा झाली, नीट झाली, तर मुख्याध्यापकांना तास काढून घ्यायला तोंड राहणार नाही. प्रार्थना त्यांना येत होती, झेंडा येत होता, गाठी येत होत्या, खेळ तर येतच होते. येत नव्हतं ते एकच. उभं राहून दुसऱ्याला काही समजावून सांगणं. ते काम आजवर मी केलं होतं. मी बोलायचो आणि पोरं माना डोलवायची. तेव्हा दर शनिवारच्या सभेत दहा मिनिटं एका पोरानं बोलायचं, त्याला जे येतं ते दाखवायचं, आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, असं मी जाहीर केलं. वेगळा कार्यक्रम नको, नेहमीच्याच सभेत. ऑपरेशनची तारीख मी डॉक्टरांकडून पुढं ढकलून घेतली. ते चिडले. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मलाही कमी बोलायचं होतं, त्यामुळं घरात फार शांतता होती.

पहिल्या शनिवारी आठवीतला एक पोरगा उठला. हात मागं बांधले, नजर झाडाच्या शेंड्यावर लावली आणि सुरू झाला. "सन्माननीय व्यासपीठ, व्यासपीठावर विराजमान असलेले प्रमुख पाहुणे, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो, आज मी तुम्हाला झाडांचे महत्त्व या विषयावर दोन शब्द सांगणार आहे, ते तुम्ही शांत चित्ताने ऐकून घ्यावेत ही माझी नम्र विनंती." समोर व्यासपीठ नव्हतं. पाहुणा म्हणून एक कुत्रं होतं. मी हात वर करून त्याला थांबवलं आणि म्हणालो, अरे, पाठ केलेलं नको, साधं बोल. तो थांबला, घाबरला आणि पुन्हा 'सन्माननीय व्यासपीठ'पासून सुरू झाला. मधून कुठूनच त्याला सुरू करता येत नव्हतं.

संपल्यावर मी विचारलं, "तुझ्या दारात कुठलं झाड आहे?"

"शेवगा."

"मग शेवग्याचं सांग की."

"त्ये भाषनात न्हाय सर."

मी कपाळाला हात लावला. पोराचा काही दोष नव्हता. आम्हीच त्यांना पहिलीपासून असं बोलायला शिकवलं होतं. पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला, जयंतीला आणि पुण्यतिथीला आम्हीच भाषणं लिहून द्यायचो आणि पोरं ती पाठ करायची. स्वतःचं म्हणून काही बोलायचं असतं, हे आमच्या भागात पोरांना कुणी सांगितलेलंच नव्हतं.

पुढचे शनिवार असेच गेले. दहा मिनिटं सभेत कुठं बसवायची, तेही जमेना. सुरुवातीला ठेवली तर उशिरा येणारी पोरं मधेच सायकली आपटत येत. शेवटी ठेवली तर सगळ्यांचे कान रस्त्यावरच्या एसटीकडं. गाठी आणि खेळ यांच्यामध्ये ठेवली तर बोलणारा पोरगा खेळाच्या घाईनं भाषण एका दमात ओकून मोकळा व्हायचा. "सर, ह्या भाषनापायी खेळ जातोय," म्हणून तक्रार आली. प्रश्न कुणी विचारत नव्हतं. एकानं विचारला तर बोलणाऱ्यानं माझ्याकडं पाहिलं आणि उत्तर मी दिलं. उरलासुरला घसा तिथं खर्च झाला. रात्री गरम पाण्याच्या गुळण्या करताना मला वाटायचं, आपण वेडे आहोत. गळ्यात काय वाढतंय ते माहीत नाही आणि आपण सातवी-आठवीच्या पोरांची दहा मिनिटं धरून बसलोय.

मग सातवीतला एक पोरगा माझ्याकडं आला. शांत, अंगानं मजबूत, गाठी बांधण्यात पथकात पहिला. त्याच्या घरी पूर्वी मेंढरं होती, आता ऊस होता. तो म्हणाला, "सर, साप चावल्यावर काय करायचं आन काय न्हाय, त्ये मी सांगू का? चुलत्याला उसात पानी देताना घोनस चावली व्हती. आमी काय काय केलं, त्ये सांगतो."

मला एवढा आनंद झाला की क्षणभर बोलताच येईना, आणि ते घशामुळं नव्हतं. पुढच्याच शनिवारी तुझी पाळी, असं मी त्याला सांगितलं. हे एक पोरगं नीट बोललं की बाकीच्यांना कळेल, असं मला वाटलं.

चूक माझी एवढीच झाली की पोरगं हे घरी सांगेल, याचा मी विचार केला नाही. दोन दिवसांनी त्याचे आजोबा शाळेत हजर. पांढरं स्वच्छ धोतर, टोपी. कारखान्याचे जुने सभासद. वार्षिक सभेत त्यांचं भाषण झाल्याशिवाय कुणी जेवायला उठत नाही, अशी त्यांची ख्याती.

"गुरुजी, नातू बोलनार हाय म्हनं."

"आबा, पथकापुरतंच आहे. दहा मिनिटांचं."

"आवो दहा मिंटाचं का आसंना. त्याचं पहिलं भाषन हाय. नारळ न्हाय, फेटा न्हाय, चार मान्सं न्हाईत, आसं कुठं आसतंय व्हय? समदं आमच्याकडं लागलं. तुमी निस्तं उभं ऱ्हावा." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आन त्ये सापाचं नगं. घरातलं चार मान्सांत कशाला? आदर्श विद्यार्थी घ्या. म्या लिवून घेतलंय तुमच्यातल्याच एका मास्तरांकडनं."

नको, असं मला म्हणायचं होतं. 'आबा' एवढंच बाहेर आलं आणि पुढं खोकला. तो खोकला त्यांनी होकार धरला. मुख्याध्यापकांना तर आयताच कार्यक्रम मिळाला.

शनिवारी लिंबाखाली कापडी मांडव होता. खुर्च्या होत्या, दोन स्पीकर होते. स्वागतगीत झालं. दीपप्रज्वलन झालं, वाऱ्यानं विझलं, पुन्हा झालं. पाहुण्यांचे सत्कार झाले. उशिरा आलेल्या पाहुण्यांसाठी कार्यक्रम थांबवून त्यांचेही सत्कार झाले. मग वक्त्याचा सत्कार झाला. वक्ता म्हणजे ते सातवीतलं पोरगं. भर उन्हात त्याच्या खांद्यावर शाल घातली, डोक्याला फेटा बांधला आणि हातात नारळ दिला. ते कानातून घाम गाळत खुर्चीवर बसलं. माझं पथक उन्हात रांगेनं बसलं होतं. प्रास्ताविक झालं. दोन मनोगतं झाली. मग आबा उठले आणि नातवाच्या कौतुकापासून निघून कालव्याच्या पाण्यावर, रस्त्यावर आणि आजकालच्या पिढीवर यथेच्छ बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बोलणं चांगलंच होतं त्यांचं.

हे सगळं कुणी वाइटासाठी केलं नव्हतं. एखाद्याच्या बोलण्याला मान द्यायचा तर तो असाच द्यायचा, एवढंच आमच्या लोकांना माहीत. मान देता देता ज्याला बोलायचंय तोच राहून गेला, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

सूत्रसंचालन आमच्याच एका सहकाऱ्याकडं होतं. तो घड्याळ बघून म्हणाला, "वेळेअभावी आपण आता थेट स्काउटच्या सरांचं मनोगत ऐकून आभाराकडं वळू या."

मी उठलो. मला एकच वाक्य बोलायचं होतं, त्याला बोलू द्या. माईक हातात घेतला. "त्याला" म्हणायला गेलो आणि काही आलं नाही. घसा खाकरून पुन्हा प्रयत्न केला. दोन्ही स्पीकरमधून सगळ्या मैदानावर नुसती हवा फुसफुसली. "माईक गेला," कुणीतरी म्हणालं. स्पीकरवाला धावत आला, त्यानं माईकवर दोन टिचक्या मारल्या, टक टक असा दणदणीत आवाज आला, आणि तो मला परत देत म्हणाला, "बोला सर, चालू हाय." मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं. सगळं गाव वाट बघत होतं. पोरांना सगळ्यात आधी कळलं. पुढच्या रांगेतली पोरं माझ्या तोंडाकडं न बघता जमिनीकडं बघायला लागली. माईक सहकाऱ्याच्या हातात देऊन मी मांडवाबाहेर गेलो आणि सायकली लावतात तिथं भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

नंतर गावानं ज्येष्ठमध सांगितला, अडुळसा सांगितला, कुणी दृष्ट काढायला सांगितली. आबा स्वतः घरी मध घेऊन आले आणि बराच वेळ माझ्याजवळ बसले. डॉक्टरांनी मात्र आता एक दिवसही थांबायचं नाही म्हणून बजावलं. ऑपरेशन झालं. गाठ तपासायला गेली. तिचा निकाल यायचा होता आणि मला बोलायची बंदी होती. मी पाटी घेऊन घरात फिरायचो. मनातलं कुणाला सांगावं, तर पाटीवर लिहून सांगण्यासारखं ते नव्हतं. मला भीती वाटतेय, असं पाटीवर लिहून बायकोपुढं धरायचं का?

शनिवारचा तास पुढच्या आठवड्यापासून शिष्यवृत्तीला जायचं पक्कं झालं होतं. पोरांना एक शेवटची सभा घेऊ द्या, अशी मी मुख्याध्यापकांना लिहून विनंती केली, आणि ते हो म्हणाले. मी जायला निघालो तर बायको माझ्यामागं गाडीवर येऊन बसली. "तिथं तोंड उघडलंत, तर पोरांदेखत रडेन मी," ती म्हणाली. ती थट्टा करत नव्हती. ती शाळेच्या ओसरीवर बसली आणि मी लिंबाखाली, पाटी मांडीवर घेऊन.

त्या दिवशी मांडव नव्हता, पाहुणे नव्हते. बंद पडणाऱ्या पथकाच्या सभेला कोण कशाला येईल? पथकातल्या सगळ्यात मोठ्या पोरानं सावधान दिलं, त्याचा आवाज मधेच फाटला, पण कुणी हसलं नाही. प्रार्थना सुरात झाली नाही. झेंडा झाला, गाठी झाल्या. मग दहा मिनिटांची वेळ आली आणि कुणीच उठेना. पोरं एकमेकांना कोपर मारत होती. सगळे माझ्याकडं बघायला लागले. एरवी मी एकाचं नाव घेऊन ओरडलो असतो आणि तो उठला असता. मी पाटीकडं बघत बसलो. संपलं, मी मनात म्हणालो. एवढं करून काहीच झालं नाही. या पोरांना मी आयुष्यभर नुसतं ऐकायला शिकवलं.

तेवढ्यात ते सातवीतलं पोरगं उठलं.

"सन्माननीय व्यास..." म्हणालं आणि थांबलं. मग त्यानं इकडंतिकडं पाहिलं, समोर बसलेल्या पोरांकडं पाहिलं आणि म्हणालं, "चुलत्याला घोनस चावली व्हती, तवा काय झालं त्ये सांगतो."

आणि ते सांगायला लागलं. चुलता पाणी देत होता. उसाच्या वाळक्या पाचटात पाय पडला. तो ओरडला तेव्हा आधी कुणाला वाटलं काटा मोडला. त्याला घरापर्यंत चालवत आणलं, ते पहिलं चुकलं, कारण चालवायचं नसतं. पायाला काठी बांधून पाय हलू न देता उचलून न्यायला पाहिजे होतं, आणि तसं कसं न्यायचं, ते त्यानं एका पोराला खाली निजवून दाखवलं. "जखम कापायची का?" एकानं विचारलं. "न्हाय," तो म्हणाला. "चोखायची?" "आजाबात न्हाय." पोरं सरकून पुढं आली होती. माझ्याकडं कुणीच बघत नव्हतं.

"मग काय केलं?"

"मग दोरी बांधली. मांडीला. घट्ट."

"कुनी रं?" समोरच्या बारक्यानं विचारलं.

त्यानं मान खाली घातली. आणि आबांना साप का नको होता, आदर्श विद्यार्थी का हवा होता, ते मला तेव्हा कळलं. चुलत्याच्या पायाचं पाऊल पुढं कापावं लागलं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. सापानं गेलं, एवढंच सगळे धरून होते.

पोराचे डोळे भरून आले. मला ते बघवेना. अंगावरची शाल त्यानं सोसली होती, नारळ सोसला होता, आता हे कशाला? मी उठलो. पुरे रे, बस खाली, एवढंच म्हणायचं होतं. शब्द घशापर्यंत आला. जखमेची आग जाणवली. ओसरीवर बायको उभी राहिलेली मला दिसली, आणि तरी मी तोंड उघडलं.

पोरानं माझ्याकडं पाहिलं.

"सर, तुमी बोलू नका," तो म्हणाला. "मी सांगतो."

मग त्यानं बाहीनं तोंड पुसलं आणि पोरांकडं वळला.

"आज्यानं बांधली. त्येला वाटलं, इख वर चढायचं न्हाय. लय घट्ट बांधली, सोडूच दिना. डॉक्टर म्हनलं, दोरी नसती तर पाऊल ऱ्हायलं आसतं. आज्यानं ह्ये अजून कुनाला सांगितल्यालं न्हाय. चुलतापन काय म्हनत न्हाय त्येला. पर तुमी कुनाला बांधू नका. तुमच्या घरी म्हातारी मान्सं म्हनतील बांध, तरी नका बांधू."

कुणी टाळी वाजवली नाही. बारक्यानं विचारलं, "मंग त्यांना सांगायचं कसं?" आणि तो म्हणाला, "असंच. सरळ सांगायचं."

मी तोंड मिटलं आणि खाली बसलो.